अर्धी उघडलेली मस्टँग विकताना

न्यू जर्सीत एडिसनच्या रूट वनवर आज दुकानांचा मोठा परिसर आहे. तिथे २००४ पर्यंत फोर्डचा कारखाना होता. नाव मेटुचेन असेंब्ली, पण जागा एडिसनची. साठच्या दशकात याच दारातून मस्टँग बाहेर पडत होत्या. ओक ट्री रोडवर भाजणी आणि पोहे घ्यायला जाणाऱ्या मराठी माणसाला हे सहसा ठाऊक नसतं. मलाही माझ्या गाडीवर कारखान्यात ठोकलेल्या नंबरामुळेच कळलं.

ती १९६८ची मस्टँग फास्टबॅक, म्हणजे छत मागे उतरत जाणारी गाडी होती, ३९० घन इंचाचं इंजिन असलेली. २०११मध्ये घेतली, दोन हिवाळ्यांत नटबोल्टपर्यंत सोडवली, तळाचा पत्रा नवा बसवून घेतला. मग वडिलांच्या आजारपणात पुण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि काम थांबलं ते थांबलंच. काही वर्षांनी मान्य केलं की ही गाडी माझ्या हातून पूर्ण व्हायची नाही. विकायला काढली, तर पहिल्या जाहिरातीला आलेले फोन सगळे भंगाराच्या भावाचे. सहा महिने नीट तयारी करून पुन्हा जाहिरात दिली, तेव्हा पहिल्या वेळच्या जवळपास दुप्पट किंमत आली. मधल्या काळात गाडीवर एकही नवा भाग चढला नव्हता. बदललं होतं ते एवढंच, की समोरच्याच्या प्रत्येक शंकेला माझ्याकडे दाखवण्यासारखं उत्तर होतं.

अर्धवट गाडी घेणारा माणूस जे दिसत नाही त्याचे पैसे कापतो. पत्र्याखाली काय असेल, खोक्यांत काय नसेल, कागद चालतील की नाही, या प्रत्येक प्रश्नाला तो मनात हजार-दोन हजार डॉलर वजा करत जातो. खालची सगळी कामं ही वजाबाकी थांबवण्यासाठी आहेत. उदाहरणं मस्टँगची आहेत, पण कमारो, चार्जर किंवा जीटीओ अशी त्या काळातली दुसरी अमेरिकन गाडी असली तरी वाट हीच.

पुरी करायची, तशीच विकायची की सुटे भाग करायचे?

गाडी पूर्ण करून विकली तर जास्त पैसे येतात हे खरं, पण त्यासाठी लागणारा खर्च त्या जास्तीच्या पैशांपेक्षा बहुतेक वेळा मोठा असतो. रंगकाम, क्रोम आणि आतली गादीकामं दुसऱ्याकडून करून घेणार असाल तर हिशेब क्वचितच जुळतो. स्वतःच्या हातांनी करणाऱ्याचीच त्यात बचत होते. तुमच्याकडे वेळ असता तर गाडी थांबलीच नसती, म्हणून पूर्ण करण्याचा विचार बाजूला ठेवा.

सुटे भाग करून विकले तर कागदावर रक्कम मोठी दिसते. प्रत्यक्षात दीड-दोन वर्षं पार्सलं बांधावी लागतात, चांगले भाग पहिल्या महिन्यात जातात आणि शेवटी ना भाग ना गाडी असा सांगाडा उरतो. साध्या सहा सिलिंडरच्या, गंजाने खाल्लेल्या दोन दारी गाडीला हा मार्ग ठीक आहे. कागद शाबूत असलेली फास्टबॅक मात्र फोडू नये, असं माझं ठाम मत आहे. अशा गाड्या नव्याने तयार होत नाहीत. डायनाकॉर्नसारख्या कंपन्या नवी बॉडी बनवतात, पण तिला १९६८चा मूळ नंबर नसतो.

पहिलं काम कागदाचं

पाना हातात घेण्याआधी टायटल शोधा. अमेरिकेत गाडीची मालकी राज्याने दिलेल्या या दाखल्यावर चालते. तो नसेल तर बराचसा ग्राहकवर्ग जाहिरातीची पहिली ओळ वाचूनच निघून जातो.

टायटलवरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर अक्षर-अंकांसह ताडून पाहा. जुन्या टायटलांवर टंकलेखनाच्या चुका असतात. शून्याच्या जागी 'ओ', आठच्या जागी 'बी' असं होतं. चूक असेल तर राज्याच्या मोटार वाहन कार्यालयातून जाहिरातीआधीच दुरुस्त करून घ्या. गिऱ्हाईक दारात उभं असताना ते जमत नाही.

टायटलवर जुन्या कर्जाचा बोजा नोंदवलेला असेल तर बँकेचं बोजामुक्तीचं पत्र लागतं. ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर पत्र नव्या बँकेकडून मिळतं. बुडाली असेल तर एफडीआयसी या सरकारी संस्थेकडे अर्ज करता येतो. टायटलवर आधीच्या मालकाची सही आहे, पण तुमचं नाव कधी चढलंच नाही, असंही पुष्कळदा दिसतं. तसंच्या तसं पुढे सरकवणं बेकायदेशीर आहे. आधी गाडी तुमच्या नावावर करून घ्या. पूर्वी व्हरमाँट राज्यातून टपालाने नोंदणी मिळवायची पळवाट सगळे सांगायचे, ती २०२३मध्ये बाहेरच्या राज्यांतल्या लोकांसाठी बंद झाली. जुन्या सल्ल्यांवर विसंबू नका.

गाडीची ओळख पटवा

१९६८च्या मस्टँगचा नंबर समोरच्या काचेतून डॅशबोर्डवर दिसतो, तोही ड्रायव्हरच्या नव्हे तर शेजारच्या बाजूला. त्याशिवाय पुढच्या मडगार्डाखालच्या आतल्या पत्र्यावर तो ठोकलेला असतो. दोन्ही जागांचे स्वच्छ, जवळून काढलेले फोटो हवेत. माझ्या गाडीचा नंबर '८टी०२एस' असा सुरू होत होता. ८ म्हणजे १९६८, टी म्हणजे मेटुचेनचा कारखाना, ०२ म्हणजे फास्टबॅक आणि एस म्हणजे ३९०चं चार बॅरल (चार तोंडांच्या कार्ब्युरेटरचं) इंजिन, ३२५ हॉर्सपॉवरचं. त्याच जागी सी असता तर ते २८९चं साधं इंजिन ठरलं असतं आणि किंमत पार खाली आली असती. एका अक्षरावर एवढं अवलंबून असतं, म्हणून जाणकार सगळ्यात आधी नंबरच मागतो.

फोर्डवाल्यांना एक मोठी सोय आहे. ॲरिझोनातल्या मार्टी ऑटो वर्क्सकडे १९६७पासूनच्या फोर्ड गाड्यांची उत्पादन नोंद आहे. नंबर दिला की ते मार्टी रिपोर्ट पाठवतात. गाडी कोणत्या दिवशी बांधली, मूळ रंग कोणता, कोणत्या डीलरकडे गेली, कारखान्यातून काय काय बसवून आलं, हे सगळं त्यात येतं. पॉन्टिॲक गाड्यांसाठी असंच काम पीएचएस ही संस्था करते. शेव्हरोलेवाल्यांचं काम अवघड आहे, कारण १९६९च्या कमारोचा नंबर पाहून ती एसएस, म्हणजे जास्त ताकदीची आवृत्ती आहे की नाही हे सांगता येत नाही. तिथे बॉडीवरचा टॅग, जुनी कागदपत्रं आणि इंजिनावरचे शिक्के यांचाच आधार. मार्टी रिपोर्टसारख्या अहवालाचा खर्च वाचवू नका. माझ्या गाडीचा मूळ रंग मलाही तिथूनच कळला आणि जाहिरातीतला निम्मा मजकूर त्यातूनच लिहिता आला.

इंजिन मूळचं आहे असं म्हणायचं असेल तर पुरावा दाखवा. फोर्डने १९६८च्या सुमारास ब्लॉकवर गाडीच्या नंबराचा काही भाग ठोकायला सुरुवात केली, त्यामुळे त्या मॉडेल वर्षाच्या सगळ्याच गाड्यांवर तो सापडत नाही. शिक्का नसेल तर ओतकामाची तारीख पाहा. ती गाडी बांधल्याच्या तारखेच्या थोडी आधीची असायला हवी. आणखी एक गोष्ट: ३९०च्या जातीच्या कित्येक ब्लॉकांवर पुढे '३५२' हा आकडा ओतलेला असतो. तो पाहून नवखा खरेदीदार बिचकतो. इंजिन उघडं असेल तर सिलिंडरचा व्यास मोजून फोटो काढा. ३९०चा मूळ व्यास ४.०५ इंच आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ३.७८ इंच. मोजपट्टीचा फोटो समोर ठेवला की वाद संपतो. खात्री नसेल तेव्हा 'योग्य काळातलं इंजिन' एवढंच लिहा. 'मूळचं' हा शब्द पुराव्याशिवाय वापरू नका.

नंबराची पट्टी काढून दुसऱ्या बॉडीवर लावणं हा इथे केंद्र सरकारच्या कायद्याखाली गुन्हा आहे. फक्त टायटल आणि पट्टी विकत घेतो म्हणणारे फोन येतात. तिथल्या तिथे नकार द्या.

खोकी उघडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्या गॅरेजात सदतीस खोकी होती आणि निम्म्यांवर काहीच लिहिलेलं नव्हतं. गाडी सोडवताना आपल्याला वाटतं की हे लक्षात राहील. तीन वर्षांनी एक बोल्ट दाराचा की बंपरचा, हे देवालाच ठाऊक.

गाडीचे भाग पाडा: पुढचा भाग, इंजिनाची जागा, डॅशबोर्ड आणि वायरिंग, दारं-काचा, आतली बैठक, मागचा भाग, तळाखालचं. प्रत्येक खोक्यावर ठळक क्रमांक घाला, उघडं ठेवून वरून फोटो घ्या आणि यादी करा. यादीत प्रत्येक भागापुढे तो कारखान्यातला मूळ आहे, दुसऱ्या गाडीतून आणलेला जुना आहे की नवा नक्कल भाग आहे, हे लिहा. हा फरक फार मोठा आहे. नक्कल भाग पेन्सिल्व्हेनियातल्या सीजे पोनी पार्ट्ससारख्या दुकानातून कुणीही मागवू शकतो. मूळ भाग मात्र शोधावा लागतो, आणि कसलेला पुनर्बांधणीवाला गंजलेला का होईना, मूळच पसंत करतो. म्हणून नवा आणला तरी जुना फेकू नका.

फास्टबॅकमध्ये काही गोष्टी फक्त फास्टबॅकच्याच असतात: मागची घडी होणारी बैठक, तिच्या बाजूचे आतले पॅनेल, छताच्या उतारावरच्या हवेच्या जाळ्या, मागची मोठी काच. जीटी ही खास आवृत्ती असेल तर पुढच्या जाळीतले फॉग लॅम्प आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकणही. या वस्तू वेगळ्या मांडून त्यांचे स्वतंत्र फोटो घ्या.

मग काय नाही त्याची यादी करा, प्रामाणिकपणे, अगदी बारीक क्लिपपर्यंत. माझ्या जाहिरातीवर सगळ्यात जास्त विश्वास बसला तो या यादीमुळे. 'स्पीडोमीटरची वायर नाही, उजव्या दाराचं आतलं हँडल नाही' असं विकणारा स्वतः सांगतो, तेव्हा त्याच्या बाकीच्या बोलण्यालाही वजन येतं.

गंज दाखवा

न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं आणि इथल्या जुन्या गाड्यांचा तळ त्यानेच जातो. मस्टँगमध्ये गंजाच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे काचेखालची हवा आत घेणारी पोकळी, जिला काउल म्हणतात. पावसाचं पाणी आणि पानं तिथे साठतात. वरून तांब्याभर पाणी ओतून डॅशबोर्डखाली थेंब येतो का ते पाहतात. खरेदीदार ही परीक्षा घेणारच, तेव्हा तुम्ही आधी घ्या आणि व्हिडिओ काढा. मग तळाचा पत्रा, तळाला चौकटीशी जोडणाऱ्या पत्र्याच्या पेट्या (टॉर्क बॉक्स), पुढच्या-मागच्या चौकटीचे लांब रेल, बॅटरीखालचा पत्रा, मागच्या चाकांवरची वळणं आणि डिकीच्या दोन्ही कडा.

वेल्डिंग चालू असतानाचे फोटो असतील तर ते सोन्यासारखे जपा. तुकडा कुठे कापला, आतून काय केलं, कसला प्रायमर मारला, हे दिसलं की पत्र्याखालची शंका जाते. फोटो नसतील तर लोहचुंबक फिरवून पुट्टी कुठे किती आहे ते स्वतः पाहून लिहा.

विकण्याआधी रंग देऊ नका. अर्धवट गाडीवर ताजा चमकदार रंग दिसला की अनुभवी माणूस मागे सरतो, कारण रंगाखाली काय दडवलंय हे त्याला कळत नाही. प्रायमरमधली प्रामाणिक बॉडी जास्त लवकर जाते.

खर्च करायचाच असेल तर गाडी चाकांवर हलती करण्यावर करा. चार चाकं, हवा धरणारे टायर आणि वळणारं स्टीअरिंग असेल तर ती ट्रेलरवर ओढून चढवता येते. नाही तर न्यायलाच यंत्र लागतं आणि दूरचा ग्राहक गळतो. इंजिन बरीच वर्षं बंद असेल तर चावी मारून पाहू नका. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, एक-दोन दिवस थांबा आणि मग क्रँकच्या बोल्टवर लांब पाना लावून हाताने फिरवा. फिरलं तर त्याचा व्हिडिओ जाहिरातीत टाका. अडलेलं आणि फिरणारं इंजिन यांच्या किमतीत मोठा फरक पडतो.

किंमत

आपण घातलेले तास आणि पावत्यांची बेरीज किंमत ठरवताना बाजूला ठेवा. ते मन घट्ट करूनच जमतं, मलाही जड गेलं. पावत्या मात्र फाइलला लावा. त्या कामाचा पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

हिशेब उलट्या दिशेने करा. तुमच्यासारखीच गाडी पूर्ण होऊन, चालू स्थितीत कितीला गेली ते पाहा. मागितलेली किंमत बघू नका, प्रत्यक्ष विक्रीची बघा. ब्रिंग अ ट्रेलर या जुन्या गाड्यांच्या लिलाव संकेतस्थळाच्या संपलेल्या लिलावांत आणि ईबेवरच्या विकल्या गेलेल्या यादीत ती दिसते. जुन्या गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या हॅगर्टी कंपनीचं मूल्यांकनही पाहा. त्यात गाड्यांच्या एक ते चार अशा प्रती असतात आणि अर्धवट गाडी चौथ्या प्रतीच्याही खाली धरायची. मग उरलेल्या कामाचा खर्च बाजारभावाने वजा करा आणि अनपेक्षित खर्चासाठी आणखी थोडं. समजा पूर्ण गाडी साठ हजारांना जाते आणि काम पस्तीस हजारांचं उरलंय, तर पंचवीस हा वरचा आकडा. खरेदीदाराला जोखमीचं काही सुटायला हवं, म्हणून सौदा एकोणीस-वीसच्या आसपास होईल. बावीस मागा आणि मनात खालची रेघ ठरवून ठेवा.

जाहिरात आणि जागा

जाहिरातीची पहिली ओळ अशी असावी: वर्ष, मॉडेल, इंजिनाचं अक्षर, टायटल कुणाच्या नावावर, गाडी हलते की नाही, किंमत. पुढच्या परिच्छेदात झालेली कामं, मग उरलेली, मग नसलेले भाग. 'दुर्मीळ', 'एका शनिवार-रविवारचं काम' असले शब्द गाळा. गाडी पूर्ण करणं एवढं सोपं असतं तर तुम्हीच केलं असतं, हे वाचणाऱ्यालाही कळतं. फोटो दिवसाच्या उजेडात, कोरड्या गाडीचे. ओला पत्रा चमकतो आणि दोष झाकतो, म्हणून जाणकार तसे फोटो पाहून संशय घेतो.

ब्रिंग अ ट्रेलरवर पूर्ण गाड्यांना चांगला भाव मिळतो. अर्धवट गाडी ते घेतात, पण निवडून. दस्तऐवज भक्कम असले तरच विचारा. जुन्या गाड्यांच्या जाहिराती छापणारं हेमिंग्ज १९५४पासून याच धंद्यात आहे आणि तिथला वाचक गंभीर असतो. फेसबुक मार्केटप्लेसवर फोन भरपूर येतात, पण वेळ घालवणारेही. माझ्या मते सगळ्यात चांगली जागा म्हणजे त्या मॉडेलचं मंडळ, जसं मस्टँग क्लब ऑफ अमेरिका. पूर्व किनाऱ्यावर असाल तर पेन्सिल्व्हेनियात कार्लाईलला उन्हाळ्याच्या सुरुवातीला भरणारा फोर्डवाल्यांचा मेळावाही आहे. तिथे गाडी न्यायचीही गरज नसते. फोटोंची फाइल आणि नसलेल्या भागांची यादी घेऊन फिरा. माझा ग्राहक मला अशाच एका मैदानात भेटला. तो आधीपासून दुसरी ३९० बांधत होता आणि माझ्याकडचे भाग त्याला नावानिशी ठाऊक होते.

भेट, घासाघीस, पैसे

फोनवर 'शेवटचं किती?' विचारणाऱ्याला सांगा की गाडी पाहा, मग बोलू. भेट दिवसा ठेवा आणि घरात एकटे असाल तेव्हा नको. गाडी भक्कम स्टँडवर उचलून ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका, तो कितीही म्हणाला तरी.

न पाहताच पूर्ण किंमत द्यायला तयार असलेला, जास्त रकमेचा चेक पाठवून उरलेले पैसे गाडी नेणाऱ्याला द्या म्हणणारा, किंवा अमुक संकेतस्थळावरूनच गाडीचा अहवाल विकत घ्या असा आग्रह धरणारा, हे तिघेही फसवणूक करणारे समजा. मोबाइलवर आलेला कोड मागणाराही त्यांच्यातलाच.

ग्राहक पसंत पडला तर बयाणा घ्या आणि किती दिवसांत गाडी उचलायची, नाही उचलली तर बयाण्याचं काय, हे दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या करा. उरलेली रक्कम त्याच्या बँकेत सोबत जाऊन घ्यावी. बँकेने स्वतः काढलेले कॅशियर चेकही खोटे बनवले जातात, म्हणून तो तुमच्यासमोर बँकेतून निघालेला हवा. रोख दहा हजार डॉलरच्या वर भरली तर बँक त्याची नोंद सरकारला पाठवते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. नोंद टाळायला रक्कम तुकड्या-तुकड्यांनी भरणं मात्र गुन्हा ठरतो.

विक्रीपत्रात तारीख, किंमत, नंबर आणि 'जशी आहे तशी, कोणत्याही हमीशिवाय' हे शब्द हवेत. भागांची यादी त्याला जोडून प्रत्येक पानावर दोघांची सही घ्या. टायटलवर खरेदीदाराचं नाव तुमच्यासमोर लिहिलं गेलं पाहिजे. कोरं टायटल सही करून देऊ नका. २०१०पर्यंतच्या मॉडेलांना मीटरचा आकडा जाहीर करण्याचा केंद्राचा नियम लागू नाही, त्यामुळे १९६८च्या गाडीला ती अडचण येत नाही. न्यू जर्सीत नंबर प्लेट काढून घ्यायची, दुसऱ्या गाडीला लावायची नसेल तर मोटार वाहन कार्यालयात परत करायची आणि विमा त्यानंतरच बंद करायचा. विक्रीत नफा झाला तर त्यावर कर लागतो. वापराच्या गाडीत तोटा झाला तर तो करातून वजा होत नाही.

नेण्याचा दिवस

पेट्रोल आदल्या दिवशी काढून टाका. काचा ब्लँकेटमध्ये गुंडाळा, जड भाग काचांवर ठेवू नका. खोकी क्रमांकानुसार चढवताना यादीवर दोघांनी मिळून खूण करा. आमची सदतीस खोकी चढवायला दोन तास लागले. घाई केली असती तर नंतर फोनवर दोन महिने गेले असते.

गाडी गेल्यावर गॅरेज नीट झाडा. फळीमागे, खिळ्यांच्या डब्यात, कपाटाच्या तळाशी काहीतरी सापडतंच. मला तीन आठवड्यांनी उजव्या हवेच्या जाळीचे चार मूळ स्क्रू एका औषधाच्या बाटलीत मिळाले. बाटली कागदात गुंडाळून त्याच दिवशी टपालात टाकली, पाठवणीचा खर्च माझा.